टेबलावर बायोडाटा ठेवला, पुढे काय?

या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय रोजगार मेळावा. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत. काही पत्रे चार-चार पानांची होती, ती मुद्द्यापुरती ठेवली आहेत.

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. वर्षभरात नागपुरातले चार मेळावे केले, तीसेक टेबलांवर बायोडाटा ठेवला. एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मात्र 'इतक्या शे उमेदवारांची निवड' अशी बातमी झळकते. हे मेळावे नुसता देखावा असतात काय?
— एक पदवीधर, नंदनवन

देखावा म्हणणे अर्धेच खरे. ती बातमी पुन्हा एकदा नीट वाचा. बहुतेक वेळा तिथे 'प्राथमिक निवड' असा शब्द असतो. टेबलावरच्या माणसाने तुमच्या नावापुढे खूण केली, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर कंपनीत मुलाखत, कुठे लेखी चाचणी, मग कागदपत्रांची आणि वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी रुजू होणे. प्रत्येक पायरीवर माणसे गळतात. बातमीत छापला जातो तो पहिल्या पायरीचा आकडा. 'अंतिम निवड' वेगळी दिली असेल तर ती पाहा, मेळाव्याचे खरे माप तिथे कळते.

जाहिरातीतल्या पदांच्या आकड्याचेही तसेच. सुरक्षारक्षक पुरवणारी किंवा विमा विकणारी कंपनी '२०० पदे' लिहून मोकळी होते, कारण तिला वर्षभर माणसे लागतातच. जितकी येतात जवळपास तितकीच सोडून जातात. मोठ्या आस्थापनांनी आपली रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाला कळवायची, हा नियम १९५९ च्या कायद्यापासून चालत आला आहे. मात्र ती पदे तिथून आलेल्या उमेदवारांमधूनच भरा, असे बंधन त्या कायद्याने कधीच घातले नाही. मेळाव्यात टेबल लावणाऱ्याचेही तसेच आहे. तो माणसे पाहायला येतो; घेईलच असे नाही.

म्हणून टेबलापाशी पोचल्यावर आधी ओळखायचे की समोर बसलेला कोण आहे. कंपनीचा स्वतःचा एचआर, म्हणजे भरती पाहणारा माणूस, असेल तर तो खात्याचे नाव, शिफ्ट, प्लांट कुठे आहे हे न अडखळता सांगतो. मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस कंपनीचे नाव मोठ्याने आणि स्वतःचे हळू आवाजात घेतो. तिसरा प्रकार प्रशिक्षण संस्था, विमा आणि घरोघरी विक्रीवाल्यांचा. त्यांना उमेदवारापेक्षा गिऱ्हाईक हवे असते. तिघांना एकच प्रश्न विचारा : 'पगार कोणाच्या खात्यातून होईल?' कंपनीचे नाव आले तर ऑन रोल, म्हणजे कंपनीच्याच पटावर; एजन्सीचे आले तर ऑफ रोल, म्हणजे एजन्सीच्या पटावर; आणि 'आधी कोर्स करावा लागेल' असे आले तर पुढचे टेबल. ऑफ रोल नोकरी वाईटच असते असे नाही, अनुभवाच्या कागदासाठी ती चालते. पण त्या कागदावर एजन्सीचे नाव येईल, कंपनीचे नाही, हे आधीच कळलेले बरे.

आता फोन का आला नाही ते. मोठ्या मेळाव्यातून एचआरवाला दोन-तीनशे बायोडाटे घेऊन परततो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून तो पदानुसार गठ्ठे करतो. ज्या कागदावर पदच नाही तो 'इतर' गठ्ठ्यात जातो, आणि तो गठ्ठा पुन्हा कोणी उघडत नाही. 'एखाद्या नामांकित संस्थेत माझ्या कौशल्याला वाव मिळावा' हे वाक्य तिथल्या प्रत्येक कागदावर असते. ते काढून टाका. त्याऐवजी वरच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या पेनाने तीन ओळी हाताने लिहा : कोणत्या पदासाठी, कोणत्या ठिकाणी काम चालेल, आणि किती दिवसांत रुजू होऊ शकता. उदाहरणार्थ 'अकाउंट्स असिस्टंट / हिंगणा, बुटीबोरी चालेल / ७ दिवसांत'. छापील कागदांच्या ढिगात हाताने लिहिलेले उठून दिसते, आणि गठ्ठा लावणाऱ्याचे काम तुम्हीच करून ठेवलेले असते.

बी.कॉम. ही पदवी एकटी फारशी बोलत नाही. 'टॅली येते' असे सगळेच लिहितात. तुम्ही 'टॅली प्राइममध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीआर-१ साठी माहिती काढणे' असे लिहा. अर्थात येत असेल तरच, कारण पुढच्याच वाक्यात विचारतात. एक्सेलमध्ये व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल समोर करून दाखवता आले पाहिजे.

मेळाव्यानंतर दोन दिवसांत एक मेसेज पाठवा. त्यात मेळाव्याची तारीख, टेबलावरचे कंपनीचे नाव, पद, तुमचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, एवढेच. 'नमस्कार, रविवारच्या मेळाव्यात अकाउंट्स असिस्टंट पदासाठी बायोडाटा दिला होता. पुढच्या मुलाखतीची तारीख कळवावी. सोमवारपासून केव्हाही येऊ शकतो.' त्याच्यासोबत बायोडाटा पीडीएफमध्ये, आणि फाइलला स्वतःचे नाव. 'न्यू रिझ्युम फायनल २' नावाची फाइल नंतर कोणालाच सापडत नाही. आठवड्याने एक फोन करावा, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान. तिसऱ्यांदा मात्र संपर्क करू नये.

एक साधी गोष्ट मागे राहते. अनोळखी नंबर आहे म्हणून फोन न उचलणारे आणि रिचार्ज संपून इनकमिंग बंद झालेले उमेदवार कमी नाहीत. एचआरवाला एकदा, फार तर दोनदा लावतो आणि यादीत पुढच्या नावावर जातो. बायोडाट्यावर घरातला दुसरा एक नंबर द्याच.

आणि शेवटचे. इतवारी, गांधीबाग, कळमना इथल्या पेढ्यांमधली आणि शहरातल्या सीएंच्या ऑफिसांमधली अकाउंट्सची कामे मेळाव्यात येतच नाहीत. ती ओळखीपाळखीने भरतात. महिन्यातला एक दिवस मेळाव्याला दिलात तर चार दिवस तिकडे द्या.

प्रश्न : उमरेडहून येतो. दहाची वेळ सांगतात म्हणून पहाटे निघालो. साडेअकरापर्यंत सत्कार आणि भाषणेच चालली होती. माझा नंबर लागेपर्यंत चांगल्या कंपन्या उठून गेल्या. काय करायला हवे होते?
— डिप्लोमाधारक, उमरेड

भाषणे चालू असतात तेव्हाच तुमचा खरा वेळ असतो. मंडपात खुर्ची धरून बसू नका. स्टॉलवर फलक लागलेले असतात, एक फेरी मारून टेबल क्रमांक, कंपनी, पद आणि पात्रता टिपून घ्या. मग क्रम ठरवा. ज्यांची रांग सर्वांत लांब लागणार अशी एक-दोन नावे लगेच कळतात. त्यांच्यापाशी सगळ्यात आधी उभे राहा. पुष्कळ कंपन्यांचे लोक जेवण आटोपले की आवरायला घेतात, आणि शहराबाहेरच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतले तर परतीच्या लांब वाटेमुळे आणखी लवकर. जेवणाच्या सुट्टीत रांग सोडायची नाही. डबा उभ्याने खायचा.

नोंदणी आदल्या दिवशीच उरकायला हवी. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे मेळावे 'महास्वयं' पोर्टलवर जाहीर होतात. तिथे आधार आणि मोबाइल क्रमांकाने खाते उघडायचे, शिक्षण भरायचे, मग रोजगार मेळाव्याच्या पानावर नागपूर जिल्हा निवडून पदांची यादी पाहायची आणि हव्या त्या पदांना तिथूनच अर्ज करायचा. अडते ते दोन ठिकाणी. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. आणि शिक्षण फक्त दहावीपर्यंत भरून सोडलेले असते, त्यामुळे डिप्लोमाची पदे दिसतच नाहीत. खाते असूनही 'माझ्यासाठी काहीच नाही' म्हणणाऱ्यांनी आपली प्रोफाइल आधी उघडून पाहावी.

सोबत घ्यायचे ते असे. एकपानी बायोडाट्याच्या बारा प्रती, गुणपत्रिकांच्या झेरॉक्सचे तीन संच, सहा फोटो, आधार आणि पॅनची झेरॉक्स, स्टेपलर, दोन पेन. मूळ कागद नुसते दाखवायला न्या, पाऊस असेल तर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. उन्हाळ्यात मांडव म्हणजे भट्टी असते. पाण्याची बाटली आणि दुपट्टा हवाच. विद्यापीठाचा निकाल लागला पण गुणपत्रिका हातात नाही, ही आपल्याकडची नेहमीची गत. अशा वेळी ऑनलाइन निकालाची प्रत काढून त्यावर परीक्षेचे सत्र, उन्हाळी की हिवाळी, आणि वर्ष स्पष्ट लिहून ठेवा. बाहेरगावच्या एचआरला 'समर' आणि 'विंटर'चा अर्थ लागत नाही. तो राहिलेला पेपर समजतो.

प्रश्न : मेळाव्यातून बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागलो. 'वार्षिक २.१७ लाखांचे पॅकेज' सांगितले होते. मी महिन्याला १८ हजार धरून चाललो. पहिला पगार आला १२,६८७ रुपये. स्लिपवर बेसिक १०,००० आणि ग्रॉस १५,००० आहे. माझे पैसे कोणी खाल्ले?
— एक वाचक, अजनी

कोणी खाल्लेले दिसत नाहीत, पण तुम्हाला नीट समजावूनही कोणी सांगितलेले नाही. हिशेब पूर्ण देतो, कारण हीच तक्रार घेऊन आलेली आणखी पत्रे आमच्यापाशी आहेत.

'पॅकेज' म्हणजे सीटीसी, तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा महिन्याचा पगार, १५,००० धरा; त्यातला मूळ पगार म्हणजे बेसिक. त्यावर कंपनी पीएफपोटी बेसिकच्या १२ टक्के भरते, शिवाय विमा आणि प्रशासकीय शुल्काचा १ टक्का, झाले १,३००. ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, त्यातला मालकाचा वाटा ग्रॉसच्या ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. बोनस ८.३३ टक्क्यांनी ८३३. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेची, तरतूद ४.८१ टक्क्यांनी ४८१. बेरीज १८,१०२ आणि बारा महिन्यांचे २,१७,२२४. हेच ते २.१७ लाख.

आता कपात. पीएफचा तुमचा वाटा १,२००. ईएसआयसी ०.७५ टक्के, ११३. व्यवसाय कर २००. एकूण १,५१३ गेले, उरले १३,४८७. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा शंभर रुपये कमी आले म्हणून दचकू नका. महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. याच स्लिपवर एखाद्या ताईला १३,६८७ मिळतील. तुमच्या १२,६८७ मध्ये आणखी ८०० कमी आहेत. ते बहुधा कँटीनचे किंवा बसचे. स्लिपवर तशी ओळ आहे का पाहा. नसेल तर लेखी विचारा, कारण ओळ नसलेली कपात चालवून घ्यायची नाही.

१,३०० पैकी बाराशे पीएफच्या कामी येतात, पण तेही सगळे तुमच्या पीएफ खात्यात दिसणार नाहीत. ८३३ पेन्शनमध्ये जातात आणि ३६७ पीएफमध्ये. यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाच्या, पासबुकात तीन वेगळे रकाने दिसतील. बोनस आर्थिक वर्ष संपल्यावर येतो, महिन्याला नाही. ग्रॅच्युइटी तर सहा महिन्यांत सोडून जाणाऱ्याला मिळतच नाही, तरीही तिची रक्कम पॅकेजमध्ये मोजलेली असते. हे कायदेशीर आहे. प्रामाणिक आहे का, ते वाचकांनी ठरवावे.

म्हणून टेबलावर 'पॅकेज किती?' विचारू नका. 'ग्रॉस किती, बेसिक किती, आणि कँटीन-बस धरून हातात किती?' असे तीन तुकड्यांत विचारा. उत्तर देता आले नाही, तर समोरच्याला पद भरण्याचा अधिकार नाही असे समजा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे, तेव्हा ते मागताना संकोच नको.

बुटीबोरी सीताबर्डीपासून तीसेक किलोमीटर पडते. मेट्रो खापरीपर्यंतच नेते. कंपनीची बस नसेल तर मोटरसायकलने रोज साठ किलोमीटर. लिटरला पन्नासचे अॅव्हरेज आणि शंभर रुपये भाव धरला तरी २६ दिवसांचे ३,१२० रुपये. म्हणजे बस आहे की नाही, हा पगाराचाच प्रश्न झाला. हिंगण्याच्या एमआयडीसीला लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो जाते, तिथला थोड्या कमी पगाराचा देकारही कधी कधी परवडतो.

प्रश्न : आयटीआय फिटर पास आहे. तीन टेबलांवर 'ट्रेनी' म्हणून घेऊ म्हणाले, एक वर्ष, पीएफ नाही. हे अप्रेंटिस झाले काय?
— हिंगणा रोडवरून

होईलच असे नाही, आणि फरक मोठा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या अप्रेंटिसचा करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला जातो. त्याला करार क्रमांक असतो, विद्यावेतनाची किमान रक्कम नियमाने ठरलेली असते, आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळते. अशा अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआयसी लागू नसते. नेमक्या याच सवलतीचा फायदा घेऊन काही जण करार न नोंदवताच पोरांना 'ट्रेनी' म्हणतात आणि उत्पादनाच्या लाइनवर पूर्ण शिफ्ट उभे करतात. वर्षाने हातात पडते ते कंपनीच्या लेटरहेडवरचे दोन ओळींचे पत्र. त्याला सरकारी भरतीत कोणी विचारत नाही.

तेव्हा सरळ विचारा : 'पोर्टलवर करार होईल का, आणि किती दिवसांत?' होय म्हटले तर रुजू झाल्यावर करार क्रमांक मिळेपर्यंत पाठपुरावा करा. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट तुमच्या खात्यात येतो. तो अडकतो तेव्हा कारण बहुतेकदा बँकेत असते. खात्याला आधार 'लिंक' असणे वेगळे आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, 'सीड' असणे वेगळे. अनेक खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात, कधी कधी दहावीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात.

अप्रेंटिसशिप संपल्यावर त्याच कंपनीने नोकरी द्यावी, अशी सक्ती कायद्यात नाही. करारात तसे लिहिले असेल तरच. मग करायची कशाला? रेल्वेत शिकाऊ प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींचे विभाग आहेत, मोतीबागचा वर्कशॉप आहे, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रे आहेत, वेकोलि ही कोळसा कंपनी आहे, अंबाझरीची आयुध निर्माणी आहे. यांच्या शिकाऊ जागा वेगळ्या जाहिरातीने निघतात, मेळाव्याच्या टेबलावर सहसा दिसत नाहीत. फिटरने आधी त्या पाहाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हा तिसरा प्रकार, त्याचीही यात गल्लत होते. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मुदत सहा महिने होती, २०२५ मध्ये अकरा महिने झाली. विद्यावेतन बारावी पासला ६,०००, आयटीआय व पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. ते प्रशिक्षण आहे, त्यातून कायम नोकरीचा हक्क निर्माण होत नाही. नंतरची निराशा टाळायची तर हे आधी ओळखून जावे.

प्रश्न : मेळाव्यानंतर तिसऱ्या दिवशी फोन आला, 'तुमची निवड झाली, नागपूरच्या मिहान उद्योग क्षेत्रात जॉइनिंग, गेटपास आणि युनिफॉर्मचे २,५०० पाठवा.' कंपनीचे नाव खरे आहे. पाठवू काय?
— एक पालक, वाडी

नाही. युनिफॉर्म, गेटपास, मेडिकल, 'परत मिळणारे' डिपॉझिट, कुठल्याही नावाने आधी पैसे मागितले की बोलणे तिथेच संपवायचे. मेळाव्यात जमा झालेल्या बायोडाट्यांवरचे नंबर फुटतात. तुमच्या मुलाचे नाव, शिक्षण आणि तो कोणत्या टेबलावर उभा होता हे फोनवाल्याला माहीत होते, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. कंपनीच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून तिथे खात्री करा. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोध घेता येतो. कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला ते तिथे दिसते. शंभर जागा देऊ करणाऱ्या एजन्सीने गेल्या महिन्यात सात जणांचा पीएफ भरला असेल, तर काय ते समजा.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. तासाभरात केली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. बँकेलाही कळवा. मूळ टीसी किंवा गुणपत्रिका 'जमा' करायला सांगणाऱ्यालाही हाच नियम. झेरॉक्स द्यायची, तीही आडवी रेघ मारून, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहून.

प्रश्न : वय ३४. लग्नाआधी तीन वर्षे बिलिंगचे काम केले, नंतर मुलांमुळे नऊ वर्षे घरी. मेळाव्यात गॅप दिसला की कागद बाजूला ठेवतात. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आहे, त्याचाही घोळ होतो.
— एक गृहिणी, मानेवाडा

ताई, नावाचे आधी निस्तरा, कारण रुजू होताना गाडी तिथेच अडते. आधार, पॅन आणि बँक या तिन्हींवर एकच नाव आणि तेच स्पेलिंग हवे, नाहीतर पीएफचे केवायसी पूर्ण होत नाही. गुणपत्रिकेवरचे नाव बदलावे लागत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि असेल तर राजपत्राची प्रत, गुणपत्रिकेला जोडून ठेवा. आधीच्या नोकरीत पीएफ कापला असेल तर जुना क्रमांक शोधून काढा. ते पैसे तुमचेच आहेत, आणि तो क्रमांक म्हणजे अनुभवाचा पुरावासुद्धा.

गॅप लपवू नका. तारखा गाळलेला कागद आणखी संशयास्पद दिसतो. अनुभव वर घ्या, शिक्षण खाली, आणि मध्ये एक ओळ : 'कौटुंबिक जबाबदारीमुळे खंड, आता पूर्ण वेळ उपलब्ध.' त्याखाली गेल्या सहा महिन्यांतले काहीतरी ताजे हवे. एमएस-सीआयटी वीस वर्षांपूर्वीची असेल तर तिचा उपयोग नाही. एखादा बिलिंग किंवा टॅलीचा छोटा कोर्स असू द्या.

कोणत्या टेबलाकडे जायचे तेही महत्त्वाचे. कॉल सेंटरच्या रांगेत बाविशीतली मुले असतात, तिथे वेळ घालवू नका. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत बिलिंग आणि विम्याच्या कॅशलेस डेस्कवर अनुभवी बाईमाणूस हवे असते. रुग्णाच्या नातेवाइकांशी शांतपणे बोलणे हेच तिथले अर्धे काम. दवाखाना मेळाव्यात नसेल तर थेट जा, सकाळची ओपीडी टाळून, दुपारी. शिफ्ट आधीच विचारा. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवले तर सुरक्षेची व्यवस्था मालकाची. 'अॅडजस्ट करावे लागेल' असे तोंडी म्हणत असतील तर नियुक्तिपत्रात शिफ्ट लिहून मागा.

प्रश्न : पंतप्रधानांच्या रोजगार मेळ्यात नागपुरात नियुक्तिपत्रे वाटली, असे टीव्हीवर पाहिले. तिथे नोंदणी कुठे करायची?
— एक वाचक, कामठी

करता येत नाही. २२ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला तो कार्यक्रम आधीच परीक्षा देऊन निवडल्या गेलेल्यांना पत्रे देण्यासाठी असतो. त्या वाटेवर जायचे तर कर्मचारी निवड आयोग, रेल्वे भरती मंडळ, टपाल खाते यांच्या जाहिराती पाहायच्या. नावे सारखी असल्याने दर वेळी काही जण बायोडाटा घेऊन सभागृहाच्या दारात उभे दिसतात.

प्रश्न : बी.ई. कॉम्प्युटर झालो. मिहानमध्ये एवढ्या आयटी कंपन्या आहेत, पण मेळाव्यात एकही दिसत नाही. दिसतात ते पुण्याकडच्या चाकण आणि रांजणगावचे कारखाने, तेही 'ग्रॅज्युएट ट्रेनी'साठी. एकाने देकार दिला आहे, ग्रॉस १८,०००. जावे काय?
— एक अभियंता, प्रताप नगर

मोठ्या आयटी कंपन्या नवख्यांची भरती कॉलेज कॅम्पस आणि स्वतःच्या ऑनलाइन परीक्षांतून करतात. टीसीएसची एनक्यूटी हे त्यातले ठळक उदाहरण. त्यांना मांडव टाकून बायोडाटे गोळा करायची गरजच पडत नाही. त्यामुळे तुमच्यासाठी मेळावा हे दुय्यम साधन. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या, परसोडीच्या आयटी पार्कमधल्या धरून, कधीकधी येतात. त्यांच्यासाठी बायोडाट्यावर स्वतः लिहिलेल्या एखाद्या प्रकल्पाची लिंक द्या, आणि तो प्रकल्प मोबाइलवर उघडून दाखवता येईल असा ठेवा. 'फायनल इयर प्रोजेक्ट : अटेंडन्स सिस्टिम' पाहून पाहून त्यांचे डोळे दुखले आहेत.

चाकणचा देकार. तिथे काम लाइनवर उभे राहण्याचे आहे की प्लांटच्या आयटी, ईआरपी किंवा मेंटेनन्स खात्यातले, हे आधी लेखी घ्या. लाइनवरचे असेल तर वर्षभराने सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत तो अनुभव कामाचा नाही, उलट 'कोडिंग केव्हा सोडले?' हा प्रश्न पदरात पडतो. खर्चाचा अंदाज असा काढा. कॉट बेसिसचे भाडे आणि डिपॉझिट, महिन्याची मेस, खोली ते प्लांटची बस, आणि दिवाळीला गावी जायचे तिकीट. आकडे एचआरला विचारू नका, तिथे आधी गेलेल्या मुलाला विचारा. आपल्याकडची पुष्कळ पोरे तिकडे आहेत. राहण्याची सोय कंपनीची असेल तर तिचे पैसे पगारातून कापतात का, आणि सुरुवातीचे किती महिने कापतात, ते विचारा. पहिल्या पगारापर्यंतचे पस्तीस-चाळीस दिवस घरच्या पैशांवर काढावे लागतात, तेवढी तयारी नसेल तर आठव्या दिवशी बॅग उचलून परत यावे लागते. बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याची हमी, लिहून मागत असतील तर मुदत आणि रक्कम वाचल्याशिवाय सही नको. सही करण्याआधी कागदाचा फोटो काढून घरी पाठवा आणि एक रात्र जाऊ द्या. 'आत्ताच सही करा, नाहीतर जागा जाईल' म्हणणाऱ्याकडे चाळीस जागा रिकाम्या असतात.